चौऱ्याऐंशी मार्कांची कॉफी

शंकरप्पांच्या तोंडात एकूण दात किती उरलेत हे त्यांच्या बायकोलाही नक्की सांगता येणार नाही. पण कामाचा दात एकच, हे लातूरच्या मार्केट यार्डात सगळ्यांना माहीत आहे. उजवीकडची, खालची, मागून दुसरी दाढ. वीरभद्रप्पांच्या डाळमिलमध्ये तुरीची गाडी आली की शंकरप्पा पोत्याची शिवण जराशी उसवतात, कोपरापर्यंत हात आत घालतात, तळातले चार दाणे वर आणतात आणि त्यातला एक त्या दाढेखाली ठेवतात. कट्. मग म्हणतात, "साडेअकरा." म्हणजे दाण्यात साडेअकरा टक्के ओलावा आहे. त्यानंतर मालाविषयी एक शब्द. त्यांच्याकडे शब्द तीनच आहेत: पसंत, चालता आणि नापसंत. बत्तीस वर्षांत चौथा शब्द कुणी ऐकलेला नाही.

मुलगी अंबिका नांदेडला नर्स आहे. तिने एकदा त्यांना दातांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी टॉर्च मारून पाहिलं आणि त्याच दाढेवर बोट ठेवलं. शंकरप्पा खुर्चीतून उठून बसले. "बाकीचे सगळे काढा, डॉक्टरसाहेब. ह्याला हात लावू नका. ह्याच्यावर घर चालतं."

मी मिलमध्ये गेलो तो ओलावा मोजायचं डिजिटल मशीन बसवायला. मी लोहा गावचा, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेला, त्यामुळे दाढेपेक्षा सेन्सरवर माझा विश्वास जास्त. एकाच पोत्यातला माल दोघांना दिला. मशीनने अकरा पॉइंट चार दाखवलं, शंकरप्पांनी साडेअकरा सांगितलं.

"पॉइंट एकचा फरक येतोय काका," मी हसत म्हणालो.

"हाव. तुमच्या मशीनमंदी हाय. बघून घ्या."

मशीन कंपनीत नेऊन तपासलं. फरक मशीनमध्येच होता. तो दुरुस्त करून मी मशीन परत आणून बसवलं आणि याविषयी कुणाशी बोललो नाही. कंपनीने मला मशीन विकायला पाठवलं होतं, दाढेची जाहिरात करायला नव्हे.

मशीन बसलं त्या दिवशी मालक वीरभद्रप्पा गादीवरून म्हणाले, "शंकरप्पा, आता यंत्र आलं. तुमचंबी वय झालं. दिवाळीपर्यंत बघू."

मालकाने 'दिवाळीपर्यंत बघू' म्हटलं की त्याचा अर्थ मिलमधल्या मांजरालाही कळतो. शंकरप्पांनी मान हलवली आणि पुढच्या पोत्याची शिवण उसवायला घेतली.

याच सुमारास मालकांचा मुलगा शिवकुमार बंगळूरहून कायमचा परत आला. सोबत एमबीएची पदवी, कोरलेली दाढी आणि बगळ्याच्या मानेसारखी तोटी असलेली एक किटली. आल्या आल्या त्याने जाहीर केलं की डाळीत आता काही राम राहिलेला नाही, आपण स्पेशालिटी कॉफीमध्ये उतरायचं.

वीरभद्रप्पांना कॉफी माहीत होती. ती लग्नात पहाटे वरमायांना देतात आणि ताप उतरल्यावर आजाऱ्याला. निरोगी माणसाने रोज कॉफी प्यावी आणि त्यासाठी दुकान काढावं, हे त्यांना पटेना. शिवकुमारने मिलच्या ऑफिसात पडदा लावून प्रोजेक्टरवर चित्रं दाखवली. चिकमगळूरचे डोंगर, कोडगूचे डोंगर, सावलीची झाडं, त्याखाली कॉफीची झुडपं, लाल फळं तोडणाऱ्या बाया.

"अप्पा, आपल्या देशात पिकणाऱ्या कॉफीपैकी बहुतेक कॉफी बाहेर जाते. परदेशी लोक आपली कॉफी पितात आणि आपण पितो चहाचं पाणी. एकेका मळ्याचं नाव असतं तिला. कोणत्या उंचीवर पिकली, फळ कसं धुतलं, किती दिवस वाळवलं, सगळं पाकिटावर लिहितात. जिभेवर संत्र्याची साल येते की गूळ येतो, तेही लिहितात. त्या चवीचे पैसे मिळतात. तुरीच्या आठपट!"

शंकरप्पा दाराशी उभे राहून ऐकत होते. त्यांनी विचारलं, "मग आपल्या तुरीचं काहून लिहीत न्हाईत? मुखेडची तूर निराळी, निलंग्याची निराळी. माळावरची गोड अन् काळ्या रानातली जरा उग्र."

"काका, तूर ही कमोडिटी आहे."

"म्हणजे?"

शिवकुमारने पडद्याकडे पाहिलं. "म्हणजे... कुणाची आहे ते विचारायचं नसतं."

शेवटी बापाने परवानगी दिली, ती आईमुळे. महानंदाबाई म्हणाल्या, पोरगं बंगळूरला राहिलं असतं तर कॉफीच पीत राहिलं असतं, निदान इथं घरी येऊन जेवेल तरी. शिकवण्यांच्या भागात, जिथं दोन्ही बाजूंना डॉक्टर झालेल्या मुलांचे फोटो इमारतीएवढे लावलेले असतात, तिथं दुकान सजलं. नाव ठेवलं 'बाराशे मीटर', कारण कॉफी तेवढ्या उंचीवर पिकलेली. पहिले पंधरा दिवस रिक्षावाले येऊन विचारत, बाराशे मीटर, पण कुठून?

दारावर काळा फलक लावला. त्यावर खडूने सुंदर अक्षरात मळ्याचं नाव आणि खाली मोठ्ठा आकडा: ८४. स्पेशालिटी कॉफीला शंभरपैकी मार्क देतात. ऐंशीच्या वर गेली की ती खास. चौऱ्याऐंशी म्हणजे उत्तम. हे जगात सगळीकडे चालतं, पण शिवकुमार विसरला की दुकान लातूरमध्ये आहे.

शिकवणी सुटायची वाट बघत उभे असलेले पालक फलक वाचत आणि हळहळत.

"चौऱ्याऐंशीच?"

"एवढ्यावर कुठं नंबर लागतंय? आमची पोरगी तर त्र्याण्णव पडून रिपीट करून राहिली."

"शेजारच्या रसवंतीला किती हायेत बघा बरं."

शिवकुमार प्रत्येकाला समजावून सांगे. पालक समजूतदारपणे मान हलवत, जशी नापास मुलाच्या बापापुढे हलवतात, आणि शेजारी उसाचा रस प्यायला जात.

आता मूळ गोष्ट. मे महिन्यात चिकमगळूरहून कच्च्या, हिरव्या कॉफीची दोन पोती आली. ती आता इथंच भाजून, दळून दुकानात विकायची. दुकानात जागा नव्हती म्हणून पोती मिलच्या गोदामात उतरली. शिवकुमारला भाजणी शिकायला तीन आठवडे बंगळूरला जायचं होतं. जाताना त्याने किल्ली शंकरप्पांच्या हातात दिली.

"काका, हा माल साधा नाही. जिवापाड सांभाळा."

शंकरप्पांनी नेहमीप्रमाणे शिवण उसवली, हात घातला, दाणे काढले. राखाडी-हिरवे, एका बाजूने सपाट, मधे चीर. हमाल म्हणाला, "अप्पा, ही तर कुणी आधीच भरडलेली दिसून राहिली. डाळच हाय." शंकरप्पांनी दाणा दाढेखाली धरला. दाढ कळवळली. "अकरा," ते म्हणाले. "वास ओल्या गवताचा. माल पसंत."

पण पसंत करून त्यांची झोप उडाली. मे महिना. गोदामात सोंडे किडे उठलेले. तुरीच्या आठपट किमतीचा दाणा आणि त्याला ना तेल ना पाला! असा उघडा-नागडा माल त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. या दिवसांत सगळ्या लातूरच्या गच्च्यांवर वर्षाची डाळ वाळत असते. घराघरात बाया डाळीला एरंडेल चोळतात, ऊन देतात, कडुलिंबाचा पाला आणि बिब्बे घालून डबे भरतात. शंकरप्पांच्या गच्चीवर त्यांची बायको गुरम्मा नेमकं तेच करत होती.

"काय गं, परक्याच्या दाण्याला किलोला किती एरंडेल लावावं?"

"परक्याचा असो का घरचा, किलोला एक चमचा. जास्त लावलं तर चिकट होतंय. कुणाचं हाय?"

"छोट्या मालकाचं. जिवापाड सांभाळा म्हणाला."

"मग दीड लावा," गुरम्मा म्हणाली.

दोन दिवस नवरा-बायकोने मिलच्या गच्चीवर ताडपत्री अंथरून चिकमगळूरची कॉफी चोळली. तळहातांनी, दाणा दाणा, लेकराला न्हाऊ घालावं तशी. वरून ऊन दिलं. पाला घातला, पोत्याला दहा याप्रमाणे बिब्बे घातले, शिवण पक्की केली आणि शंकरप्पा निर्धास्त झाले. मजुरी मागितली नाही. तेलही घरचंच होतं.

शिवकुमार परतला. पोतं उघडून त्याने दाणा उन्हात धरला. दाणा मोत्यासारखा चमकत होता.

"काका! हे काय शाईन आलंय! लातूरची ड्राय क्लायमेट! बंगळूरला असं कधीच होत नाही. थँक्यू काका!"

"मी जरा—" शंकरप्पा म्हणाले. पण तोवर शिवकुमार फोनवर फोटो काढत होता. पाला आणि बिब्बे हमालाने कचऱ्यात टाकले. त्या हमालाला त्यात वेगळं काहीच दिसलं नाही. त्याच्या घरच्या डब्यातही तेच होतं.

कॉफी भाजली तेव्हा धूर जरा जास्त झाला. शिवकुमारने मशीन नवीन आहे म्हणून सोडून दिलं.

पुढच्या रविवारी पुण्याहून हरिओम आला. हा कॉफीचा सल्लागार. गळ्यात चव घेण्याचं प्रमाणपत्र असलेलं कार्ड आणि खिशात स्वतःचा चमचा, तोही मखमलीच्या पिशवीत. त्याने फर्मावलं की चाचणी सकाळी सातला घ्यायची, तेव्हा जीभ स्वच्छ असते. शिवकुमारने शंकरप्पांनाही बोलावलं होतं.

"नवाच्या आत जमायचं न्हाई," शंकरप्पा म्हणाले. "लिंगपूजा झाल्याबिगर मी तोंडात पाणी घेत न्हाई." जीभ स्वच्छ ठेवायची ही रीत हरिओमच्या अभ्यासक्रमात नव्हती, पण चाचणी नवावर गेली. कपाळावरचं भस्म पाहून हरिओमने खोलीत कुठलाही सुगंध चालणार नाही असं बजावलं. भस्माला वास नसतो, हे शंकरप्पांनी त्याला शांतपणे सांगितलं.

टेबलावर पाच वाट्या मांडल्या. भरड पूड, वर गरम पाणी, चार मिनिटं थांबायचं, मग वरची साय चमच्याने मोडून नाक खुपसायचं. थुंकायला वेगळं स्टीलचं भांडं. थुंकण्यासाठी भांडं ठेवणारं हे लातूरमधलं पहिलंच दुकान असावं. हरिओमने चमचा ओठांना लावला आणि इतक्या जोरात सुर्रर्र केलं की रस्त्यावरचा एक पालक आत डोकावला.

शंकरप्पांचा चेहरा खुलला. शिवकुमारच्या साखरपुड्यात बशीतून चहा ओढताना त्यांचा असाच आवाज झाला होता, तेव्हा याच शिवकुमारने "काका, लोक बघतायत" म्हणून त्यांना दटावलं होतं. आता त्यांनी मोकळेपणाने चमचा उचलला. सुर्रर्र.

आणि थांबले.

ती चव त्यांना लेकरपणापासून ठाऊक होती. भाजल्याने जरा करपली होती, धुराआड लपली होती, पण जिभेच्या मागच्या बाजूला अगदी तशीच पसरली होती.

"बोला काका, काय जाणवतं?" हरिओमने विचारलं.

"तेलकट हाय."

"ब्रिलियंट!" हरिओम उभाच राहिला. "ऑइली बॉडी! शिवकुमार, यांना कुणी ट्रेन केलंय? मी हेच म्हणणार होतो. रेशमी आहे. भिजलेलं अंजीर आहे, उसाची काकवी आहे आणि शेवटी एक हर्बल फिनिश, जो मी इंडियात आजवर अनुभवला नाही. दाण्याने कुठून घेतलं हे?"

"दाणा काहीही घेतो," शिवकुमार हरखून शंकरप्पांना समजावू लागला. "शेजारी मसाला ठेवला तर मसाल्याचा वास घेतो, इतका नाजूक. म्हणून तर तुम्हाला म्हणालो होतो ना, जिवापाड सांभाळा!"

शंकरप्पांना तेव्हा कळलं की आपण काय केलं. त्यांनी तोंड उघडलं. पण हरिओमने कागदावर साडेशहाऐंशी लिहिले होते. चौऱ्याऐंशीपेक्षा अडीच जास्त. आणि शिवकुमारने त्यांचे दोन्ही खांदे धरले होते.

"काका, मशीन ओलावा मोजेल, चव नाही. तुम्ही आमचे चीफ टेस्टर! अप्पांना मी सांगतो. दिवाळी-बिवाळी विसरा. कार्ड छापतो तुमच्या नावाचं."

शंकरप्पांनी तोंड मिटलं. बत्तीस वर्षांत पहिल्यांदाच माल तोंडात घेऊन त्यांनी तीनपैकी एकही शब्द उच्चारला नव्हता.

शनिवारी मळ्याची मालकीण गौरम्मा चिकमगळूरहून येणार होती. तिला चव पटली तर त्या वर्षीचा सगळा माल, मळ्याच्या नावासकट, शिवकुमारच्या दुकानाला मिळणार होता. मधल्या पाच दिवसांत कार्डं छापून आली. त्यावर इंग्रजीत 'शंकर' असं नाव होतं. 'अप्पा' डिझायनरला जड वाटला.

शुक्रवारी दुपारी जेवताना शंकरप्पांनी कार्ड ताटाशेजारी ठेवलं आणि गुरम्माला सगळं सांगितलं.

"म्हणजे आपलं एरंडेल त्यांना गोड लागलं?" गुरम्मा हसत सुटली. "मग गप बसा की! लोकं पैसे देऊन पिऊन राहिलेत, पोटंबी साफ होतील."

"हसू नको. बोललो तर नोकरी जाते."

"अन् न बोललात तर?"

शंकरप्पांनी भाकरीचा तुकडा मोडला. "मालकाचा भाऊ एकदा ओली तूर घेऊन आला होता. घरचा माल. मी नापसंत म्हणलं. मालकानं गाडी परत पाठवली. सख्ख्या भावाची. आज गप बसलो तर उद्यापासून माझ्या पसंतवर कोण इस्वास ठेवील?"

गुरम्मा हसायची थांबली. तिने त्यांच्या ताटात वरण वाढलं आणि म्हणाली, "कार्डावर नाव तरी कुठं तुमचं हाय? शंकर म्हणे. कोण हा शंकर?"

शनिवारी गौरम्मा आल्या. साठीच्या, सुती साडी, पायात रबरी चपला. मळ्यातून थेट उठून आल्यासारख्या. वीरभद्रप्पाही पहिल्यांदाच दुकानात आले होते आणि उंच स्टुलावर कसं बसायचं ते न कळल्याने उभे होते. हरिओमने प्रस्तावना केली. अंजीर झालं, काकवी झाली, रेशीम झालं.

गौरम्मांनी वाटीतला चमचा ओढला. भांड्यात थुंकल्या. पुन्हा ओढला. थुंकल्या. वाटी नाकाशी धरून खोलीतल्या सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं.

"इदेनु?" त्या म्हणाल्या. हे काय आहे?

"मॅडम, तोच हर्बल फिनिश," हरिओम म्हणाला. "इथल्या हवेचा परिणाम. याला आपण 'लातूर फिनिश' असं—"

"हवा?" गौरम्मांचं मराठी तुटक होतं, पण आवाज धारदार. "माझ्या मळ्यात चाळीस वर्षं हवा आहे. अशी हवा नाही बघितली." त्यांची नजर कोपऱ्यात भस्म लावून उभ्या असलेल्या माणसावर थांबली. "तुम्ही बोला. तुमचं काय मत?"

"हे आमचे चीफ टेस्टर," शिवकुमार घाईने म्हणाला. "त्यांनाही बॉडी खूप—"

"नापसंत," शंकरप्पा म्हणाले.

बाहेर शिकवणीची घंटा वाजली.

"एरंडेल हाय, अव्वा. मीच लावलं. किलोला दीड चमचा. किडं लागू नये म्हणून, जिवापाड सांभाळा म्हणला म्हणून. ह्यात हवेचा काय संबंध न्हाई. चूक माझी. त्या दिशी बोलायचं ते आज बोलून राहिलो, तीबी माझीच चूक."

शंकरप्पा निलंग्याकडचे, त्यांना कानडी येतं. गौरम्मांना शब्द कळेना तेव्हा त्यांनीच सांगितलं, "हरळेण्णे."

"हरळेण्णे!" गौरम्मा ओरडल्या आणि पदर तोंडाला लावून हसू लागल्या. हसता हसता डोळे पुसू लागल्या. "माझी आजी पोट बिघडलं की द्यायची. नाक दाबून! मी म्हणते, ही चव कुठली, कुठली!"

शिवकुमार हसला नाही. त्याचा चेहरा भाजलेल्या दाण्यासारखा झाला होता. "काका, तुम्ही... एकशेवीस किलो!" मग बापाकडे वळून, "अप्पा, तुम्ही म्हणत होता तेच बरोबर होतं. यांना दिवाळीपर्यंत कशाला थांबवायचं?"

हरिओम कागदावर काहीतरी खोडत होता. "टेक्निकली," तो म्हणाला, "मी हर्बल म्हटलंच होतं. एरंड ही वनस्पतीच आहे."

गौरम्मांनी हसू आवरलं. "हा माल माझ्या मळ्याच्या नावाने विकायचा नाही," त्या शिवकुमारला म्हणाल्या. "यंदाचा बाकीचा माल द्यायचा का नाही, जेवल्यावर बोलू." मग पिशवीतून स्वतःची पुडी काढली, स्वतः पाणी तापवलं, स्वतः कॉफी केली आणि वाटी शंकरप्पांसमोर ठेवली. "हे बघा, शंकरप्पनवरे. बिनातेलाची."

शंकरप्पांनी सुर्र केलं. पहिल्यांदा त्यांना शेकोटीत भाजलेल्या कवळ्या तुरीच्या शेंगा आठवल्या. मग लिंबाचं फूल. मग गूळ आला, पण उन्हाळ्यातला काळा नव्हे, संक्रांतीच्या आधी येतो तो नवा. हे सगळं त्यांनी तसंच सांगितलं, कानडीत, आणि मला नंतर मराठीत. हरिओमने ते लिहून घेतलं.

"मार्क किती?" गौरम्मांनी विचारलं.

"मार्क मला येत न्हाईत, अव्वा. पसंत."

जेवण मालकांच्या घरी होतं. महानंदाबाईंनी साधा वरण-भात, ज्वारीची भाकरी, ठेचा केला होता. शंकरप्पा ओसरीवर वेगळे बसले होते, कार्डांचा गठ्ठा परत द्यायचा म्हणून खिशात घेऊन. गौरम्मांनी भाताबरोबर वरणाचा घास घेतला आणि चाचणीच्या वेळेसारखंच सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं.

"ही तूर कुणाच्या शेतातली?"

वीरभद्रप्पांनी बायकोकडे पाहिलं. बायकोने शिवकुमारकडे पाहिलं. रोज दोनशे पोती डाळ भरडणाऱ्या घरात हा प्रश्न कुणी कधी विचारला नव्हता. मशीनलाही त्याचं उत्तर येत नव्हतं. ते मशीन मीच बसवलेलं आहे, म्हणून खात्रीने सांगतो.

ओसरीवरून आवाज आला. "मुखेडच्या अण्णारावाची. मुरमाड रान हाय, तळ्याच्या वरच्या अंगाला. शेंगा झाडावरच वाळू देतो, घाई करत न्हाई. बायको केवळाबाई स्वतः पाखडते. दर साली पाच-सात पोती येतात, मी घरासाठी निराळी काढून ठेवतो."

"निराळी?" वीरभद्रप्पा म्हणाले. "मग बाकीच्या मालात काहून न्हाई सांगितलं कधी?"

"तुम्ही ओलावाच इचारता, मालक."

गौरम्मांनी दहा किलो डाळ मागितली, अण्णारावाचं नाव पुडीवर लिहून. शिवकुमारने ते नाव स्वतःच्या हाताने लिहिलं, कारण दुसऱ्या कुणाचं अक्षर चांगलं नव्हतं. मग गौरम्मांनी त्याला सांगितलं, माल देईन. पण पोतं आलं की पहिला दाणा यांच्या दाढेखाली जाईल आणि पोत्याला तेलाचा हात लागणार नाही. आणि निघून गेल्या.

आता मिलमध्ये काय झालं ते सांगतो. शंकरप्पांना काढलं नाही. पगारही वाढला नाही. चीफ टेस्टरची कार्डं परत गेली, त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आता गाडीचा नंबर आणि शेतकऱ्याचं नाव लिहून पोत्याला बांधतात. मालकाने हे नवी पद्धत म्हणून नाही, कागद वाया जाऊ नये म्हणून सुरू केलं.

आणि एरंडेल लावलेली कॉफी? हरिओमने पुण्याला जाऊन तिचा फोटो टाकला. खाली लिहिलं, 'मराठवाड्याची पारंपरिक साठवण प्रक्रिया, मर्यादित माल.' आठवड्यात उरलेली सगळी कॉफी विकली गेली आणि आणखी मागणी आली. शिवकुमार मान खाली घालून गोदामात आला.

"काका, तुमचं प्रमाण... दीडच चमचा ना? दुसऱ्या साध्या मळ्याची पोती मागवलीत मी. गुरम्माकाकूंना विचारता का, लावून देतील?"

"तिला मजुरी द्या, ती लावंल. तेल तुमचं. पण पुडीवर स्पष्ट लिवायचं, एरंडेल लावलेली. अन् त्याच्या खाली माझं मत."

"तुमचं मत तर..."

"हाव. तेच लिवायचं."

पुडीवर तसंच छापलं आहे. वर साडेशहाऐंशी मार्क, खाली 'पारखी शंकरप्पा, लातूर: नापसंत'. पुण्यात त्या ओळीसाठी पुडी जास्त खपते म्हणतात. लातूरमध्ये मात्र मुखेडहून मुलीला भेटायला आलेल्या एका बापाने ती पुडी फलकाशेजारी उभं राहून वरपासून खालपर्यंत वाचली आणि शिवकुमारला विचारलं, "मालक, तुमचाच माणूस नापसंत म्हणून राहिला, मग इकता काहून?"

शिवकुमार पुडीवरची ओळ पुन्हा वाचू लागला. मागे वीरभद्रप्पा उभे होते. आता ते रोज संध्याकाळी दुकानात येतात, गौरम्मांची बिनातेलाची कॉफी बशीत ओतून पितात, सुर्रर्र करून, आणि कुणी बघतंय का याची पर्वा करत नाहीत. त्यांनी बशी खाली ठेवली, एरंडेलाच्या पुड्यांच्या मांडणीकडे पाहिलं, मग मुलाकडे.

"शिवकुमार," ते म्हणाले, "दिवाळीपर्यंत बघू."